नोकरीची मुलाखत आणि मालकाचे उत्तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषींना बोलावण्याचा आपला परिपाठ आहे. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की सभासदांपैकीच कोणीतरी बोलावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि माईकसमोर उभे राहण्याची सवय तर मुळीच नाही. पण ज्या पत्रव्यवहाराविषयी बोलायचे आहे, त्याची पाकिटे गेले वर्षभर मीच पोस्टात नेऊन देत आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आले. मागच्या रांगेत ऐकू येत नसेल तर कृपा करून हात वर करावा.

मुलींनी मुलाखतीला कसे जावे, काय नेसावे, कसे बसावे, यावर आपल्याकडे पुष्कळ व्याख्याने झाली. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांनी काय विचारावे आणि काय विचारू नये, यावर मात्र एकही झाले नाही. आणि त्यांनी काही गैर विचारले, आपण त्याबद्दल लिहिले, तर ते उत्तर काय देतात? आज मला त्या उत्तराविषयीच बोलायचे आहे.

आधी एक जवळची हकिगत सांगते. जवळची म्हणजे आपल्या पिंपरीतलीच. सन १९७४ मध्ये टेल्को कंपनीने, म्हणजे पुढे जिचे नाव टाटा मोटर्स झाले त्या कंपनीने, तरुण इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ती फलकावर लागली. काम चांगले, पगार चांगला, आणि शेवटी एक ओळ, की स्त्रियांनी अर्ज करू नये. तिथे शिकणाऱ्या हुबळीच्या सुधा कुलकर्णी, ज्यांना आपण आज सुधा मूर्ती म्हणून ओळखतो, त्यांना ती ओळ झोंबली. त्यांनी सरळ जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहिले. पाकीटसुद्धा नव्हे, साधे उघडे पोस्टकार्ड! दहा दिवसांच्या आत तार आली: पुण्याला मुलाखतीस यावे, जाण्यायेण्याचा खर्च कंपनी देईल. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी तीस तीस रुपये त्यांच्या हाती दिले, पुण्याहून साड्या आणायला. (ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि साड्यांचा भाग वाचल्यावर ती खरी आहे याबद्दल मला शंका उरली नाही.)

मुलाखतीला सहा माणसे होती. त्यांतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मायेने समजावले की, कारखान्यात आजवर बाई घेतलेली नाही, हे काही मुलामुलींचे एकत्र कॉलेज नव्हे, तुमच्यासारख्या हुशार मुलीने प्रयोगशाळेत काम करावे. त्यावर त्या म्हणाल्या की, कुठून तरी सुरुवात केलीच पाहिजे, नाहीतर तुमच्या कारखान्यात बाई कधीच यायची नाही. नोकरी त्यांना मिळाली.

एक गोष्ट ध्यानात घ्या. स्त्री म्हणून नोकरीवर घेताना भेद करू नये, हे समान वेतनाच्या कायद्यात आले, आणि तो कायदा १९७६ सालचा. १९७४ मध्ये एका विद्यार्थिनीच्या पोस्टकार्डाला दाद देण्याची त्या कंपनीवर काही सक्ती नव्हती. तरी तार आली. त्या तारेत 'आम्हाला स्त्रियांबद्दल फार आदर आहे' असे काही नव्हते. 'या' एवढे होते.

आता आपल्याकडची गोष्ट. आपल्या एका सभासद भगिनीची मुलगी बी.कॉम. झाली आणि एका खाजगी कचेरीत हिशेब खात्यातल्या जागेसाठी मुलाखतीला गेली. त्या कचेरीचे नाव मी घेणार नाही, मुलीचेही नाही. हिशेबाबद्दल तिला दोन प्रश्न विचारले. पुढे लग्न ठरले आहे का, ठरले तर सासर कुठले, घरचे नोकरी करू देतील का, आणि मूल लगेच होऊ देणार की थांबणार, असे चार प्रश्न. तिच्याच वर्गातला एक मुलगा त्याच दिवशी त्याच खोलीत जाऊन आला. त्याला सहाही प्रश्न हिशेबाचे. त्याचेही लग्न व्हायचेच आहे की!

हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आला. पोहे तेवढे नव्हते. मुलगी म्हणाली, "मावशी, पोहे असते तर निदान सवयीने उत्तरे दिली असती."

तिला नोकरी मिळाली नाही. ती त्या प्रश्नांमुळेच मिळाली नाही असे मी म्हणत नाही, ते कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पण मंडळाने पत्र लिहावे असे ठरले. मुलीची संमती घेतली, तिचे नाव घातले नाही, आणि असे प्रश्न आपण सर्व उमेदवारांना विचारता काय, एवढेच नम्रपणे विचारले. स्पीड पोस्टाने पाठवले, पावती जपून ठेवली. महिन्याने उत्तर आले. चांगल्या जाड कागदावर, चार वाक्यांचे. कंपनीला महिलांविषयी नितांत आदर आहे. सदर प्रश्न महिला उमेदवारांच्या सोयीसाठी व त्यांच्या कौटुंबिक जबाबदाऱ्या समजून घेण्यासाठी विचारले जातात. निवड केवळ गुणवत्तेवर होते. गैरसमज झाला असल्यास खेद आहे.

पत्र कार्यकारिणीत वाचले तेव्हा निम्म्या जणी म्हणाल्या, बघा, किती सभ्य उत्तर दिले. मलाही पहिल्या वाचनाला ते सभ्यच वाटले. पण सातवीपर्यंत आम्हाला जे व्याकरण शिकवले, त्यात वाक्याचा कर्ता कोण आणि क्रियापद कोणते, हे गुरुजी खडूने अधोरेखित करायला लावत. ती सवय गेलेली नाही. मी पेन्सिल घेऊन त्या चार वाक्यांखाली रेघा मारल्या. 'विचारले जातात', पण कोण विचारतो? कर्ता नाही. 'गैरसमज झाला असल्यास'. तो कोणाला झाला? आपल्याला! म्हणजे प्रश्न त्यांनी विचारले आणि खेद आपल्या समजुतीबद्दल. शिवाय यापुढे काय करू, हे सांगणारे भविष्यकाळी क्रियापद चारही वाक्यांत एकसुद्धा नाही.

मग मला वाटले, इतर मालक काय उत्तर देतात ते तरी पाहावे. आपल्या वकीलबाईंनी यात फार मदत केली. इंग्रजी निकालपत्रे त्यांनी दोन दुपारी बसून मला मराठीत समजावून दिली, म्हणून पुढचे मी सांगू शकते.

आयुर्विमा महामंडळ आपणा सर्वांच्या घरातले आहे. दिल्लीच्या एका बाईंनी १९८९ साली तिथे सहायक पदासाठी अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, दोन्हींत उत्तीर्ण. त्यानंतर एक छापील प्रतिज्ञापत्र भरायचे होते. त्यात स्त्री उमेदवारांसाठी वेगळे रकाने होते: पाळी नियमित येते का, त्रास होतो का, शेवटची पाळी कोणत्या तारखेची, किती वेळा दिवस गेले, त्यांतली किती बाळंतपणे पूर्ण दिवसांची. हे शब्द व्यासपीठावरून उच्चारताना मला संकोच वाटतो. पण नोकरीच्या कागदावर ते छापताना कोणाला वाटला नाही. त्या बाईंनी प्रतिज्ञापत्र भरले, महामंडळाच्याच तपासणीत एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना प्रकृतीने योग्य ठरवले, आणि त्या कामावर रुजू झाल्या. जानेवारी १९९० मध्ये त्या बाळंत झाल्या. फेब्रुवारीत, बाळ एक महिन्याचे असताना, त्यांना कामावरून कमी केल्याचे पत्र आले.

त्यांनी दाद मागितली तेव्हा महामंडळाचे म्हणणे असे की, या बाईंनी पाळीची तारीख खोटी लिहिली. पाहा मैत्रिणींनो, प्रश्न विचारणे योग्य की अयोग्य हा मुद्दाच बाजूला राहिला, आणि उत्तर देणारी खोटी ठरली. उच्च न्यायालयात त्या हरल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यांना परत कामावर घेण्यास सांगितले. काम असमाधानकारक होते असे कागदोपत्री कुठेच नव्हते. आणि न्यायालयाने त्या रकान्यांबद्दलही लिहिले की, असली माहिती मागणे संकोचात टाकणारे आहे, अपमानकारक म्हटले तरी चालेल. महामंडळाने ते रकाने काढून टाकावेत.

इथे वकीलबाई थांबल्या आणि म्हणाल्या, पुढचे वाक्य नीट ऐका. न्यायालयाने असेही म्हटले की, गरोदर स्त्रीला नेमणुकीच्या वेळी बाळंतपणाची रजा नाकारण्याचा हेतू असेल, तर महामंडळ तिची वैद्यकीय तपासणी करू शकते. आणि तसे नाकारणे कायदेशीर आहे की नाही यावर आम्ही मत देत नाही, कारण त्याला कोणी आव्हान दिलेले नाही. म्हणजे रकाने गेले, पण दार किलकिलेच राहिले.

त्या दारातून काय आले ते तीस वर्षांनी दिसले. ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्टेट बँकेने परिपत्रक काढले. निवड झालेली उमेदवार तीन महिन्यांहून अधिक गरोदर असेल तर ती 'तात्पुरती अपात्र', बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत तिने रुजू व्हावे. आधीचा नियम सहा महिन्यांपर्यंत रुजू होऊ देण्याचा होता. म्हणजे बँक पुढे जाण्याऐवजी मागे आली. काही महिने उशिरा रुजू होणे म्हणजे काही फार नाही, असे कोणी म्हणेल. पण नोकरीत ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवरून धरतात, हे ज्यांच्या घरी नोकरदार आहे त्यांना ठाऊक आहे. बरोबर निवड झालेला मुलगा पुढे जातो.

जानेवारी २०२२ च्या अखेरीस यावर गदारोळ झाला, दिल्लीच्या महिला आयोगाने बँकेला नोटीस दिली. बँकेने उत्तर दिले, आणि तेही ताबडतोब. आमच्याकडे सुमारे पाव नोकरवर्ग स्त्रियांचा आहे, कोविडच्या काळात गरोदर स्त्रियांना कचेरीत येण्यापासून सूट दिली होती, तथापि लोकभावना ध्यानात घेऊन नव्या सूचना स्थगित ठेवत आहोत आणि जुन्याच चालू ठेवू. हे उत्तर मी पेन्सिलीने तपासले. 'नियम चुकला' असे कुठे नाही. 'रद्द' हा शब्दही नाही, 'स्थगित' आहे. लोकभावना ओसरल्यावर काय, हेही नाही. तरी खरे सांगते, आपल्याला आलेल्या उत्तरापेक्षा हे मला बरे वाटले. त्यात कर्ता होता आणि क्रियापद होते. त्या महिन्यात ज्या मुलीला चौथा महिना होता, तिला रुजू होता आले. तिला बँकेच्या मनातले काय करायचे?

सरकार हासुद्धा एक मालकच आहे, आणि सर्वांत मोठा. कुर्गच्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत आल्या, त्या सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी. पुढे त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांनी सांगितले की, लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांनी मुलाखतीतच त्यांना या सेवेत येऊ नका असे समजावले होते. त्या ऐकेनात. नंतर कधीतरी त्याच अध्यक्षांनी बोलता बोलता सांगून टाकले की, तुम्हाला तोंडी परीक्षेत कमीत कमी गुण पडावेत अशी खटपट मी केली होती. शिवाय लग्न केल्यास राजीनामा देईन, असे मुथम्मांकडून लिहून घेतले गेले. आता गंमत ऐका. दोनच वर्षांनी, १९५१ साली, केरळच्या अन्ना राजम मुलाखतीला गेल्या. त्यांना प्रशासन सेवा हवी होती. मुलाखत मंडळाने त्यांना सांगितले की, ती नको, परराष्ट्र सेवा घ्या, ती बायकांना योग्य! एकीला जी अयोग्य, तीच दुसरीला योग्य. मला तर यावरून वाटते की त्यांना सेवेचा विचार नव्हताच, समोरची मुलगी जे मागते ते सोडून दुसरे काहीही चालले असते. त्या अन्ना राजम, लग्नानंतरच्या मल्होत्रा, हटल्या नाहीत. आपल्या न्हावा-शेवा बंदराची धुरा पुढे त्यांनीच वाहिली.

मुथम्मांच्या अर्जावर निकाल लागला तो १९७९ साली. परराष्ट्र सेवेच्या १९६१ च्या नियमांत दोन कलमे होती. एक, स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी. दुसरे, विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क म्हणून सांगता येणार नाही. पुरुषांना यातले काही नाही. न्यायालयात सरकारने काय उत्तर दिले? वाद घातला नाही. एक कलम काढले आहे, दुसरे काढण्याचे काम चालू आहे, असे प्रतिज्ञापत्रावर लिहून दिले. आणि ज्या बढतीसाठी त्या झगडत होत्या, ती खटला चालू असतानाच देऊन टाकली. मुलाखतीपासून हे उत्तर यायला तीस वर्षे लागली. तोवर मुथम्मांनी लग्न केले नव्हतेच.

सरकारने एकदा फार निराळेही उत्तर दिले आहे. खालच्या जागांच्या मुलाखतींत वशिला चालतो, पैसे चालतात, ही ओरड जुनी. १५ ऑगस्ट २०१५ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून तो विषय काढला, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट क च्या आणि गट ब मधल्या अराजपत्रित जागांच्या मुलाखतीच बंद केल्या. लेखी परीक्षेचे गुण तेवढे धरायचे. खाजगी मालकांना असे करता येईलच असे नाही, त्यांना माणूस पाहावा लागतो. मी घरकामाला बाई ठेवताना दोन गोष्टी विचारतेच.

आणि मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ सालचा, २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. रजा वाढली याचा मला आनंदच आहे. पण त्या साडेसहा-सहा महिन्यांचा पगार, कामगार विम्याखाली येणाऱ्या बायका सोडल्या तर, मालकाच्या खिशातून जायचा. मोठ्या बँकेला तो जाणवत नाही. पंधरा माणसांच्या कचेरीत हिशेबाला एकच मुलगी असेल, तर तिचा पगार द्या, बदली माणसाचा द्या, आणि मार्च अखेर तोंडावर, हे त्या मालकाला अवघड जाते. आपल्यातल्या ज्यांचे स्वतःचे दुकान आहे त्यांनी हे कार्यकारिणीत बोलून दाखवले, आणि ते चुकीचे नाही. पण त्याचा निवाडा तेवीस वर्षांच्या मुलीला मूल कधी होणार हे विचारून कसा होईल? तिला तरी ते कुठे ठाऊक असते! मुलगा सहा महिन्यांत दुसरीकडे जास्त पगारावर जाणार का, हे विचारून तरी खरे उत्तर मिळते का?

म्हणून आपण दुसरे पत्र लिहिले. त्यात आदर, सन्मान, सक्षमीकरण यांपैकी एकही शब्द घातला नाही. दोनच गोष्टी मागितल्या. मुलाखतीचे प्रश्न आधी कागदावर लिहावेत आणि मुलाला-मुलीला तेच विचारावेत. आणि लग्न, सासर, मूल हे प्रश्न यापुढे विचारले जाणार नाहीत, असे सहीनिशी कळवावे. मंडळातल्या काही जणींची सूचना होती की मुलाखत घेणाऱ्यांत एक बाई असावी, हेही मागावे. मी ते घालू दिले नाही. आपल्या मुलीला मूल कधी हे विचारणारी त्या खोलीत बाईच होती, पुरुष खाली मान घालून कागद चाळत होते.

या पत्राला अडीच महिने उत्तर नव्हते. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा साहेब बैठकीत. मग एके दिवशी पाकीट आले. आत पत्र दोन ओळींचे, आणि सोबत नवा छापील अर्ज. पत्रात लिहिले होते की, कंपनीने मुलाखतीसाठी प्रश्नांचा एकच तक्ता तयार केला आहे व तो एक तारखेपासून सर्व उमेदवारांसाठी वापरू. खाली सही होती, पद होते. आदराविषयी काही नव्हते. मी आधी रेघा मारल्या आणि मग चहा टाकला.

नवा अर्ज मात्र वाचला तेव्हा दिसले की, त्यात 'वैवाहिक स्थिती' हा रकाना अजून आहे, आणि 'वडिलांचे/पतीचे नाव' हाही. पतीचे नाव मुलाला कोण विचारणार, हे त्यांनी सांगावे! मुलीला मी तो अर्ज दाखवला. तिला दरम्यान दुसरीकडे नोकरी लागली आहे, पगार थोडा कमी आहे, पण मुलाखतीत जीएसटीचे विवरणपत्र समोर टाकून चुका शोधायला सांगितले, याचे तिला फार समाधान आहे. ती म्हणाली, मावशी, आता कशाला लिहिता? तिच्या मागून जाणाऱ्यांसाठी, असे मी तिला सांगितले. धाकटी बहीण यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

तिसरे पत्र त्या दोन रकान्यांबद्दल आहे. ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे, शेजारी पेनही आहे. ज्यांना पटेल त्यांनीच सही करावी. ज्यांचे यजमान त्या कचेरीत कामाला आहेत त्यांनी सही केली नाही तर कोणी मनात काही आणणार नाही. आधीच्या दोन्ही पत्रांच्या आणि उत्तरांच्या नकला चिटणीसबाईंच्या फायलीत आहेत. तुमच्या ओळखीत कोणा मुलीला मुलाखतीत असे काही विचारले गेले असेल तर तारीख, जागा आणि नेमका प्रश्न एका कागदावर लिहून आणावा, शक्यतो त्याच आठवड्यात, कारण शब्द विसरतात.

चहा तयार असल्याची खूण मघापासून होते आहे, म्हणून इथेच थांबते.